मीठ कमी केल्याने मधुमेहाचा धोका कमी होतो का?

आपल्या वडिलांना मधुमेह आहे, साखर आपण सोडलीच आहे, आता मीठही कमी करावे का, असा आपला प्रश्न आहे. जरूर करावे, मात्र मीठ साखरेसारखे रक्तशर्करा थेट वाढवत नाही. ब्रिटनमधील ४ लाखांहून अधिक लोकांच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ताटात नेहमी वरून मीठ घेणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेह अधिक आढळला, पण त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. खारट आवडणारा माणूस बहुधा जेवतोही जास्त. मिठापेक्षा पोटॅशियम या खनिजाचा मधुमेहाशी संबंध अधिक थेट आहे, कारण स्वादुपिंडातील बीटा पेशींमधून (इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींमधून) इन्सुलिन सुटणे हे पेशीच्या आवरणातील, पोटॅशियमची ये-जा होणाऱ्या सूक्ष्म मार्गांवर अवलंबून असते आणि काही मूत्रल (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्यांमुळे रक्तातील पोटॅशियम घटले की हा स्राव मंदावतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ आणि किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम सुचवते. आपल्याकडे बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकातूनच पोटात जाते, त्यामुळे स्टेशनबाहेरचा वडापाव आणि सुके बोंबील सोडून भागत नाही, आमटीतलेही मोजावे लागते. पोटॅशियम कडधान्ये, पालक, शहाळ्याचे पाणी यांतून मिळते. वडिलांची मूत्रपिंडे अशक्त असतील, तर पोटॅशियमयुक्त ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये.