'टीकात्मक स्वागत' कुणाचं होतं का?

नागपूरला शिकणाऱ्या भाचीने विचारलं आहे: "मामा, एका छोट्या गॉथिक इंडस्ट्रियल रॉक बँडवर लेख लिहितेय. एक वाक्य असं झालंय, 'या भूमिगत औद्योगिक बँडला संमिश्र टीकात्मक स्वागत लाभले.' वाचताना खटकतं, पण नेमकं काय चुकलं ते सापडत नाही."

तुझा कान बरोबर आहे. 'टीकात्मक स्वागत'पासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त तिथेच अडलंय. इंग्रजीतल्या 'क्रिटिकल रिसेप्शन'चं ते शब्दशः भाषांतर आहे.

टीका म्हणजे मुळात अर्थ उलगडून सांगणं. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें' असं येतं. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. आपल्या गावच्या देवळात चातुर्मासात पोथी लागायची, ही ओवी आली की तुझी आजी हात जोडायची. ज्ञानेश्वरांनी गीतेला नावं ठेवली, असं तिथे बसलेल्या कुणाच्याच मनात येत नसे. तोच शब्द देवळातून ग्रामसभेत आला की मात्र 'सरपंचावर टीका झाली' म्हणजे सरपंचाला झोडपलं, एवढाच अर्थ उरतो. आज तुझा वाचक हाच दुसरा अर्थ घेणार. आणि स्वागत म्हणजे हार, नारळ, या-बसा. झोडपणं आणि हार घालणं तू एका दमात लिहिलंस, म्हणून खटकलं.

या संगीताच्या बाबतीत तर हे फारच विसंगत आहे. थ्रॉबिंग ग्रिसल हा इंग्लंडचा इंडस्ट्रियल बँड घे. १९७६ साली लंडनमध्ये या मंडळींच्या प्रदर्शनावरून गदारोळ उठला, तेव्हा निकोलस फेअरबर्न या खासदाराने त्यांना संस्कृतीची नासधूस करणारे ठरवलं. याला स्वागत कसं म्हणायचं? 'समीक्षकांचा प्रतिसाद' म्हण. त्याहून चांगलं म्हणजे क्रियापद वापर: समीक्षकांनी त्यांना कसं घेतलं.

गॉथिकचा प्रवास टीकेच्या अगदी उलटा आहे, आणि मला तो फार आवडतो. गॉथ या जर्मनिक टोळ्या. सोळाव्या शतकात इटलीतल्या वासारी या चित्रकार-लेखकाने टोकदार कमानींच्या जुन्या बांधकामाचं खापर त्यांच्यावर फोडलं. गॉथिक म्हणजे रानटी, अशी ती हेटाळणी होती. पुढे इंग्लंडमध्ये १७६५ साली होरेस वॉलपोलने आपल्या भयकथेच्या दुसऱ्या आवृत्तीवर 'गॉथिक कथा' असं कौतुकाने छापलं. १९७९ साली बाऊहाऊस या बँडचं नऊ मिनिटांहून लांब गाणं आलं, तेव्हा तोच शब्द काळोख्या रॉकला चिकटला. म्हणजे शिवीची बिरुदावली झाली आणि आपल्याकडे टीकेची शिवी झाली. गॉथिकला मराठी शब्द शोधू नकोस. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमुळे तो आपल्या ओळखीचा आहेच.

आता भूमिगत, म्हणजे तुझं 'अंडरग्राउंड'चं भाषांतर. आपल्या वणीच्या कोळसापट्ट्यात कुणी विचारलं, 'भाऊ कुठं आहे?' तर उत्तर येतं, 'अंडरग्राउंडले आहे.' म्हणजे ओपनकास्टला, उघड्या खाणीत नाही, खाली खदानीत उतरलाय. आणि 'भूमिगत' म्हटलं की बेचाळीस आठवतं. चिमूर-आष्टीनंतर पोलिसांना चुकवत फिरणारी माणसं आठवतात. तुझा बँड कोळसा काढत नाही आणि कुणापासून लपलेलाही नाही. मोठ्या कंपन्या, रेडिओ, टीव्ही यांच्या वाटेला तो गेला नाही, एवढंच. मी 'आडवाटेचा' म्हणेन. 'अनवट' हाही सुंदर शब्द आहे, पण तो रागाला, चालीला शोभतो. बँड आडवाटेचा आणि त्याची चाल अनवट, असं दोन्ही असू शकतं.

औद्योगिक काढून टाक. त्या शब्दाने एमआयडीसीचा भूखंड डोळ्यांपुढे येतो. थ्रॉबिंग ग्रिसलने १९७६ सालीच आपल्या रेकॉर्ड कंपनीला 'इंडस्ट्रियल' नाव दिलं, त्यावरून शैलीचं नाव पडलं. ते विशेषनामासारखं तसंच ठेव. तो आवाज कसा आहे हे सांगताना मात्र मराठी हात आखडू नकोस. दिवाळीनंतर जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढणं, सुरू झालं की कारखान्याच्या फाटकाशी उभी राहा. सरकी काढणाऱ्या रेच्यांची घरघर, पट्ट्याची फटफट, गठाण दाबताना प्रेसचा कण्हल्यासारखा करकराट, मधेच कुणीतरी लोखंडी पहार टाकल्याचा खणखणाट. १९८० साली पश्चिम बर्लिनमध्ये निघालेला आइन्श्टुर्त्सेंडे नॉयबाऊटेन हा बँड तर भंगाराचं लोखंड आणि ड्रिलच वाजवायचा. खणखण, ठणठण, घणघण या तिन्हींतला फरक आपल्या कानाला न सांगता कळतो. पत्रा, घंटा आणि घण वेगवेगळे वाजतात. 'कर्कश आवाज' एवढ्यावर भागवलंस तर ही सगळी श्रीमंती वाया जाईल.

'संमिश्र'सुद्धा मला नको वाटतं, ते खताच्या पोत्यावर बरं दिसतं. मी वाक्य असं लिहीन: 'या आडवाटेच्या गॉथिक इंडस्ट्रियल बँडबद्दल समीक्षकांचं एकमत झालं नाही; काहींनी वाखाणलं, काहींनी झोडपलं.' आता पुढच्याच ओळीत कुणी वाखाणलं, कुणी झोडपलं आणि कशासाठी, ते लिही. तुझ्या पहिल्या वाक्यात ते लपून गेलं होतं.