‘तिसरं झालं तर उमेदवारी जाते का?’

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांमध्ये दोनच विषय पुन्हा पुन्हा दिसले: दोन अपत्यांचा नियम नेमका कुणाला लागतो, आणि पाळणा थांबवायचा किंवा लांबवायचा तर काय वापरावं. नावं न देता उत्तरं देत आहोत. प्रश्न जागेअभावी थोडे आटोपते केले आहेत.

घणसोली: मला पहिला मुलगा 2014 चा आणि 2018 मध्ये जुळ्या मुली झाल्या. महापालिका निवडणुकीला उभी राहायचं म्हटलं की लोक म्हणतात, तीन मुलं आहेत, अर्ज बाद होईल. खरं काय?

तुमचा अर्ज या कारणाने बाद होऊ नये. दोन अपत्यांची अट महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत या सगळ्यांना आहे. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर गेली, तर उमेदवार अपात्र ठरतो. पण त्याच तरतुदीला एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे: दाम्पत्याला एकच मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली, तरी ती एक धरली जातात. तुमचा मुलगा आधीचा, मुली एकाच बाळंतपणातल्या. म्हणजे कायद्याच्या हिशेबात दोन. उलटा क्रम असता, आधी जुळी आणि मग तिसरं, तर तो या स्पष्टीकरणाच्या शब्दांत बसत नाही. बरेच जण इथेच फसतात. ‘जुळ्यांना सूट आहे’ एवढंच ऐकलेलं असतं, सूट कोणत्या बाळंतपणाला आहे ते कुणी वाचत नाही.

अर्जासोबत अपत्यांबद्दलचं घोषणापत्र द्यावं लागतं. त्यात तिन्ही मुलांच्या जन्मतारखा लिहा आणि दोन्ही मुलींचे जन्मदाखले जवळ ठेवा. दाखल्यांवर एकच तारीख आणि एकच रुग्णालय असलं की छाननीच्या टेबलावर बोलणं लांबत नाही. मुलींची नोंद अजून फक्त ‘मुलगी’ अशी असेल आणि नाव चढलेलं नसेल, तर ते काम आत्ताच प्रभाग कार्यालयात उरकून घ्या. अर्ज भरायच्या आठवड्यात ते होत नाही.

दत्तक घेतलेलं मूल या मोजणीत धरत नाहीत. मात्र आपलं तिसरं मूल भावाला दत्तक दिलं म्हणून अपात्रता टळत नाही. ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे स्पष्ट केलं. निवडणुकीच्या तोंडावर कागदोपत्री मूल दुसऱ्याच्या नावावर करण्याचे सल्ले देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. पद तर मिळत नाहीच, वर त्या मुलाच्या आयुष्यभराच्या कागदांचा घोळ होतो.

ऐरोली: आमच्या सोसायटीच्या कमिटीला पण हा नियम आहे का?

आहे. सहकारी संस्था अधिनियमातल्या गृहनिर्माण संस्थांच्या प्रकरणात, कलम 154 ब-23 मध्ये, कमिटी सदस्याच्या अपात्रतेच्या कारणांत दोनपेक्षा जास्त अपत्यांचं कारण आहे. सदस्यत्व, मतदान, फ्लॅटचा हक्क यांना त्यामुळे धक्का लागत नाही. फक्त कमिटीवर बसता येत नाही.

कोपरी, ठाणे: मिस्टर राज्य शासनाच्या कार्यालयात लिपिक आहेत, 2012 पासून. दोन मुली आहेत. आता मला तिसऱ्यांदा दिवस गेलेत, सातवा आठवडा आहे. सासरची मंडळी म्हणतात, नोकरी जाईल, काढून टाक. सासूबाई म्हणतात, आधी मुलगा आहे का ते ‘बघून’ घेऊ. मला बाळ ठेवायचं आहे. माझं कुणी ऐकेल का?

ताई, पहिलं उत्तर तुमच्यासाठी, नोकरीचं नंतर. गर्भ ठेवायचा की नाही यात कायद्याने एकच संमती मोजली जाते, ती तुमची. नवऱ्याची सही लागत नाही, सासऱ्यांची नाही, कार्यालयाची तर नाहीच. तुम्ही ‘नको’ म्हटल्यावर कुणी गर्भपात घडवून आणला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 89 खाली तो गंभीर गुन्हा आहे, जन्मठेपेपर्यंत शिक्षेचा. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांना सांगा की मला एकटीने बोलायचं आहे. हे सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

‘बघून घेऊ’ याला तर जागाच नाही. गर्भलिंग तपासणी 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. करणारा डॉक्टर आणि करायला लावणारे नातेवाईक, दोघंही अडकतात. बाईवर घरच्यांनी जबरदस्ती केली असंच हा कायदा गृहीत धरतो, म्हणून घाबरायचं कारण तुम्हाला नाही, त्यांना आहे.

आता नोकरी. ती भीती पोकळ आहे असं आम्ही सांगणार नाही. 2005 च्या लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापन नियमांनुसार गट अ ते ड मध्ये नेमणुकीच्या वेळी नमुना ‘अ’ भरून घेतात. हयात मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली आणि ती 28 मार्च 2006 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलामुळे झाली, तर पदासाठी अनर्ह ठरण्यास आपण पात्र होऊ याची जाणीव आहे, अशा अर्थाचं वाक्य त्यात असतं. मिस्टरांनी 2012 मध्ये त्यावर सही केलेली असणार. त्यांनी आस्थापना शाखेतून त्या प्रतिज्ञापनाची आणि सेवापुस्तकातल्या कुटुंबाच्या नोंदीची प्रत आधी काढावी. ती घेऊन सेवाविषयक प्रकरणं चालवणाऱ्या वकिलांना भेटावं. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात काम करणारे वकील हे रोज बघतात. शहराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे स्त्रियांना मोफत सल्ला मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. तुम्ही स्वतः जाऊ शकता.

एक मात्र करू नका: बाळाचा जन्म लपवणं, नोंद बहिणीच्या नावाने करणं. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. लपवलेला जन्म पुढे उघड झाला की अपत्याच्या प्रश्नाला खोट्या माहितीचा दुसरा आरोप जोडला जातो, आणि तो पहिल्यापेक्षा जड असतो.

नियम पुरुषाच्या नोकरीचा, आणि त्याची किंमत बाईच्या पोटाने मोजायची, हे आम्हाला मान्य नाही. हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

नौपाडा, ठाणे (ज्येष्ठ वाचक): लोकसंख्या एवढी वाढते आहे. सरकार चीनसारखी सक्ती का करत नाही?

काका, राज्याने सक्तीचा रस्ता एकदा धरून पाहिला आहे. आणीबाणीच्या काळात, 1976 मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. देशात तसं करणारं हे पहिलं राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि कायदा झाला नाही. पण त्या दोन वर्षांत देशभर जबरदस्तीची जी शस्त्रक्रिया-शिबिरं झाली, त्यामुळे नसबंदी या शब्दालाच लोक बिचकू लागले. पुरुष नसबंदी त्यातून अजून सावरलेली नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुष नसबंदी 0.3 टक्के निघाली.

त्याच पाहणीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 1.7 आहे. लोकसंख्या आहे तिथे टिकायला साधारण 2.1 लागतो. म्हणजे आपण त्याच्या खाली कधीच आलो आहोत. मुलींचं शिक्षण, उशिरा लग्न, बालमृत्यू कमी होणं आणि साधनं हाताशी असणं, यामुळे. चीनने 1980 च्या सुमारास एका मुलाचा नियम आणला, 2016 पासून दोन मुलांना आणि 2021 मध्ये तीनला परवानगी दिली. आता तिथे मुलं जन्माला यावीत म्हणून सरकार झटतं आहे. आपल्याकडे आंध्र प्रदेशाने 2024 मध्ये स्थानिक निवडणुकांतली दोन अपत्यांची अट काढून टाकली. 2000 च्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणाचा पायाही स्वेच्छा आणि माहितीपूर्ण निवड हाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये हरियाणाची पंचायतीतली अट वैध ठरवली हे खरं, पण एखादी अट वैध असणं आणि ती उपयोगाची असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दिवा: बाळ चार महिन्यांचं आहे. अंगावर पीत असताना दिवस राहत नाहीत, असं जाऊबाई म्हणतात.

तीन अटी एकदम पाळल्या तरच ते बऱ्यापैकी खरं आहे: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही, आणि बाळाला फक्त अंगावरचंच दूध, दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड न पडता. वरचं दूध, पाणी, गुटी सुरू झाली की पाजणं कमी होतं, आणि पाळी यायच्या आधीच स्त्रीबीज बाहेर पडू शकतं. म्हणून पाळी न येता दुसऱ्यांदा दिवस गेले, असं घडतं. आत्ताच काहीतरी सुरू करा. निरोध, तांबी, ‘छाया’ गोळी किंवा ‘अंतरा’ इंजेक्शन, यातलं काहीही दुधाला अपाय करत नाही. ‘माला-एन’ ही रोजची गोळी मात्र बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत नको, तिच्यातल्या इस्ट्रोजेनमुळे दूध कमी होऊ शकतं.

पुढच्या बाळंतपणाचा विचार असेल तर लक्षात ठेवा: वार पडल्यावर दहा मिनिटांत किंवा 48 तासांच्या आत तांबी बसवता येते. ती वेळ गेली की सहा आठवडे थांबावं लागतं.

तुर्भे: ‘छाया’ची गोळी चुकली. शिवाय दिवस कसे मोजायचे तेच कळत नाही.

पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. तो रविवार असेल तर दुसरी बुधवारी. असं आठवड्यातून दोनदा, तीन महिने. चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदाच, पहिल्या गोळीच्या वारी, म्हणजे दर रविवारी. सोमवार असेल तर सोमवार-गुरुवार, मंगळवार असेल तर मंगळवार-शुक्रवार. पाळी आली म्हणून गोळी थांबवायची नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, कारण ‘माला’च्या पाकिटाची सवय डोक्यात असते.

चुकली तर आठवल्याबरोबर घ्या आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवस उलटून गेले असतील तर नव्याने सुरुवात, पुन्हा तीन महिने आठवड्यातून दोनदा. या गोळीने पाळी लांबते, ते अपेक्षित आहे. पण पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर दिवस गेलेत का याची तपासणी करा. अंडाशयात गाठी (पीसीओएस), कावीळ किंवा यकृताचा आजार असेल तर ही गोळी तुमच्यासाठी नाही.

कोपरखैरणे: ‘अंतरा’ घेतल्यापासून पाळी बंद आहे. घाण रक्त आत साठतं का?

साठत नाही. या औषधाने पिशवीचं अस्तर पातळच राहतं, बाहेर टाकण्यासारखं काही तयारच होत नाही. आधीचे काही महिने अधूनमधून डाग पडतात, मग पाळी थांबते. पुढचं इंजेक्शन तीन महिन्यांनी, कार्डावर तारीख असते. दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरा चालतं, त्यापुढे गेलात तर दिवस गेले नाहीत ना, हे तपासूनच घ्यायचं. सुई दिलेली जागा चोळू नका, शेकू नका. औषध लवकर शोषलं जातं आणि मुदत कमी होते. मूल हवं असेल तेव्हा आधीपासून थांबा: शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात.

वागळे इस्टेट: मिस्टर माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतात. नसबंदीने ताकद जाते म्हणून माझंच ऑपरेशन कर म्हणतात.

बिनटाक्याच्या नसबंदीत फक्त वीर्यनलिका कापून बांधतात. पुरुषी हार्मोन अंडकोशातून थेट रक्तात जातो, त्या नलिकेतून नाही. म्हणून आवाज, दाढी, इच्छा, ताकद यात काही बदलत नाही. वीर्यही येतंच, कारण त्याचा बहुतेक भाग दुसऱ्या ग्रंथींमधून येतो. भूल फक्त जागेपुरती, काम दहा-पंधरा मिनिटांचं, थोडं थांबून घरी. 48 तास विश्रांती, घट्ट लंगोट, आणि सात दिवस ओझं उचलणं व सायकल बंद. त्यांना आठवडाभराची रजा लागेल, ते आधी ठरवा. तुमच्या ऑपरेशनला मात्र पोटाला छेद घ्यावा लागतो.

नसबंदी फसते ती बहुधा घाईमुळे. कापलेल्या जागेच्या पुढे शुक्राणू उरलेले असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरायचाच. मग वीर्यतपासणी करायची, शुक्राणू शून्य आल्यावरच प्रमाणपत्र मिळतं. ते प्रमाणपत्र जपून ठेवा. पुढे कधी दिवस राहिले तर शासनाच्या नुकसानभरपाई योजनेत दावा त्यावरच उभा राहतो, आणि कळल्यापासून 90 दिवसांत अर्ज करावा लागतो.

जोडीदाराची लेखी संमती दोघांपैकी कुणाच्याच शस्त्रक्रियेला लागत नाही. पुरुषाचं वय 60 च्या आत, बाईचं 22 ते 49, आणि निदान एक मूल वर्षापेक्षा मोठं, एवढं असलं की पुरे. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात आधी आशाताईंना विचारा. शस्त्रक्रियेचा दिवस कोणत्या रुग्णालयात आणि कधी असतो ते त्यांना पाठ असतं. जाताना मिस्टरांचं आधारकार्ड आणि लहान मुलाचा जन्मदाखला बरोबर घ्या.