वजन उतरवायचा ग्रुप: हॉलमध्ये जाऊ की मोबाईलवरच जॉईन होऊ?

प्रश्न: ताई नमस्कार, मी चिपळूणजवळच्या एका गावात राहते, वय ४६, वजन ७८ किलो. मागच्या महिन्यात एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ आलं, डॉक्टर म्हणाले प्री-डायबेटिस आहे, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, गोळी आत्ता नको, आधी पाच-सहा किलो उतरवा. शहरात एका हॉलमध्ये दर शनिवारी एका मॅडमचा बायकांसाठी वजन उतरवायचा ग्रुप भरतो पण एसटीने जाऊन-येऊन दोन तास जातात आणि घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. त्याच मॅडम रात्री ९ ला व्हिडिओवरही ग्रुप घेतात. मिस्टर म्हणतात मोबाईल बघून कुणाचं वजन उतरलंय का, फी पाण्यात जाईल. खरंच उपयोग होतो का हो?

उत्तर: होतो, आणि तुमच्या घरची परिस्थिती बघता मी तुम्हाला व्हिडिओवालाच ग्रुप घ्या म्हणेन. मिस्टरांना हे वाचून दाखवा. अमेरिकेत बाल्टिमोरला ४१५ जणांवर एक अभ्यास झाला, २०११ मध्ये छापून आला. सगळे लठ्ठ, शिवाय बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल असं काहीतरी मागे लागलेलं. काही जणांना समोरासमोर बसवून, ग्रुपमध्ये आणि एकेकट्यानेही शिकवलं, काहींना नुसतं फोन, ईमेल आणि वेबसाईटवरून, आणि उरलेले आपले आपण. दोन वर्षांनी समोर बसलेल्यांचं सरासरी ५.१ किलो उतरलं होतं, लांबून शिकलेल्यांचं ४.६ आणि आपले आपण करणाऱ्यांचं जेमतेम ०.८. म्हणजे खरा फरक कोणीतरी मागे लागून विचारणारं आहे की नाही यात आहे. आणि तिथे तर व्हिडिओही नव्हता, तुमच्या ग्रुपमध्ये निदान चेहरे दिसणार आहेत.

तुमच्या डॉक्टरांनी पाच-सहा किलो म्हटलंय तेही बरोबर आहे. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे, म्हणजे डायबेटिस टाळण्याच्या एका मोठ्या अभ्यासाचे, निकाल २००२ ला आले, त्यात एका गटाला ७ टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम एवढंच ध्येय होतं, आणि त्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुमच्या ७८ चे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो, वर्षभरात होण्यासारखं आहे.

आता माझा अनुभव सांगते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझा हॉलचा ग्रुप नाइलाजाने मोबाईलवर आणला, मला स्वतःला अजिबात पटलेलं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात एक काकू म्हणाल्या मी भाजीला एकच पळी तेल घालते, मी म्हटलं दाखवा बरं, त्या मोबाईल घेऊन तशाच ओट्यापाशी गेल्या आणि सगळ्यांसमोर ती पळी चहाच्या चमच्याने मोजली तर सहा चमचे भरले, म्हणजे एका भाजीत अडीचशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या. हॉलमध्ये वर्षभर बोलले असते तरी ती पळी मला दिसली नसती. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सगळ्यांनी आपापल्या पळ्यांचे फोटो टाकले!

पण हॉलमधलं एक मात्र मोबाईलवर येत नाही. क्लास संपल्यावर चपला घालता घालता बायका जे बोलतात ना, नणंद आग्रह करून खायला घालते, गुडघा दुखतो म्हणून चालणं बंद पडलंय, ते व्हिडिओवर निघत नाही, बटण दाबलं की संपलं. घरचे ऐकतात म्हणूनही बायका गप्प बसतात, त्यामुळे हेडफोन लावा आणि शक्य असेल तर दार ओढून बसा. मॅडमना सांगा क्लासनंतर दहा मिनिटं लाईन चालू ठेवा.

पैसे भरायच्या आधी एवढं विचारा: क्लास लाईव्ह आहे ना, की रेकॉर्ड केलेले व्हिडिओ पाठवतात (तसं असेल तर घेऊ नका), किती जणी आहेत, पंधराच्या वर गेल्या की तुमच्याकडे बघायला वेळ कुणाला, आणि एखादी आली नाही तर मॅडम फोन करतात का. महिन्यात आठ किलो उतरवून देते, पावडर घ्या असं म्हणाल्या तर सरळ ठेवून द्या फोन.

वजनकाटा मात्र घरी हवाच. फरशीवर, नेहमी एकाच जागी ठेवायचा, गादीवर किंवा सतरंजीवर नाही, सकाळी पोट साफ झाल्यावर, आठवड्यातून एकदा. रोज बघून जीवाला घोर लावून घेऊ नका.

आणि पहिल्या एका शनिवारी तरी हॉलमध्ये जाऊन याच, मॅडमना आणि बायकांना प्रत्यक्ष भेटा, म्हणजे नंतर स्क्रीनवरचे चेहरे ओळखीचे वाटतात. तेवढा वेळ सासूबाईंजवळ मिस्टर बसतील. तीन महिन्यांनी एचबीएवनसी परत करा आणि किती आलं ते मला कळवा, मी वाट बघतेय.