सॉफ्टवेअर असताना हाताने गणितं कशाला?

प्रश्न: मी सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बीम (आडवी तुळई), फ्रेम (तुळया-खांबांचा सांगाडा) सगळं सॉफ्टवेअर दोन मिनिटांत सोडवून देतं, मग वहीत पानंच्या पानं गणितं का करायची?

उत्तर: अरे, दोन मिनिटांत उत्तर येतं हे खरंय, पण ते बरोबर आहे का हे कोण सांगणार? १९९१ मध्ये नॉर्वेत स्लाइप्नर ए या समुद्रातल्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया बुडाला, कारण कॉम्प्युटर मॉडेलमधली मेश, म्हणजे हिशोबासाठी रचनेचे पाडलेले तुकडे, फार मोठी होती आणि भिंतींमधला शिअर स्ट्रेस (कापू पाहणारा ताण) जवळपास ४७ टक्के कमी दाखवला गेला, त्यात स्टीलची मांडणीही कमी पडली. नंतर आणखी बारकाईने हिशोब केला तर भिंत पाण्यात साधारण ६२ मीटर खोलीवर फुटेल असं निघालं आणि प्रत्यक्षात ती ६५ मीटरला फुटली. म्हणजे बघ, कॉम्प्युटर लागतोच, एवढी मोठी रचना हाताने सोडवणं कुणालाच जमणार नाही, पण सपोर्ट पिन आहे (टोक फिरू शकतं) की फिक्स्ड (टोक घट्ट धरलेलं), लोड किती, युनिट कुठलं हे सगळं तूच भरतोस ना, किलोन्यूटनच्या जागी न्यूटन गेलं तरी स्क्रीनवर चित्र रंगीत आणि सुंदरच दिसतं. म्हणून आधी साध्या बीमचं मोमेंट (वाकवणारा जोर) हाताने काढ, मग सॉफ्टवेअर चालव, आणि आकडे जुळले नाहीत तर का नाही जुळले ते शोधल्याशिवाय उठू नकोस.