दोनशिक्षकी शाळेत गुरुजींचा दिवस नेमका जातो कुठे?

तुमचा प्रश्न असा: पगार चांगला, सुट्ट्या भरपूर, काम साडेदहा ते पाच, तरीही जिल्हा परिषद शाळेतल्या तिसरीच्या पोराला धड वाचता येत नाही, मग शिक्षक करतात तरी काय? उत्तर मी खेड्यातल्या पहिली ते चौथीच्या दोनशिक्षकी शाळेपुरतं देतो.

आधी वर्गाचा हिशेब. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे ६० पर्यंत पट असला की दोन शिक्षक. पट कितीही असो, इयत्ता चारच, म्हणजे एकाकडे दोन. ४० मिनिटांच्या तासिकेत प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला प्रत्यक्ष शिकवणं येतं २० मिनिटं. उरलेल्या वेळात त्या मुलांच्या हाती काम हवं आणि ते आदल्या दिवशीच तयार हवं: शब्दपट्ट्या, मणी-काड्या, अर्धवट सोडवलेली गणितं. तिसरीची मुलं एकट्याने बसतात, पहिलीची पहिले काही महिने अजिबात बसत नाहीत. बऱ्याच ठिकाणी पहिली-दुसरी एकत्र असते, म्हणूनच त्यापेक्षा पहिलीला चौथी जोडावी असं माझं मत आहे. चौथीची मुलं पहिलीच्या मुलांकडून अक्षरं छान गिरवून घेतात.

हे सगळं दोघेही शाळेत असले तर. एक जण प्रशिक्षणाला, केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेला, तालुक्याच्या बैठकीला किंवा रजेवर गेला की दुसऱ्याकडे चारही इयत्ता, म्हणजे प्रत्येकीला १० मिनिटं. माझ्या मते मुलं मागे पडण्याचं मोठं कारण इथे आहे. वाचनात कच्च्या मुलांचे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करायचे (अक्षर, शब्द, वाक्य, उतारा) आणि रोज तासभर वाचन घ्यायचं, याचा गुण हमखास येतो. पण ते रोज झालं तरच. मध्ये चार दिवस खंड पडला की अक्षर गटातलं मूल पुन्हा जोडाक्षरांवर नाही, मुळाक्षरांवरच अडखळतं.

त्याच कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. मतदार यादीचं बीएलओचं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) काम निवडणुकीच्या दारातून येतं. हे काम सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं. तुम्ही ज्या सुट्ट्या मोजता, त्यांतले काही रविवार असे घरोघर फिरण्यात जातात.

आता पोषण आहार. पहिली ते पाचवीला प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. ५२ मुलं हजर असतील तर ५ किलो २०० ग्रॅम तांदूळ आणि १ किलो ४० ग्रॅम डाळ काढून द्यायची. हजेरी ॲपवर भरायची, साठा नोंदवहीत आरंभीची शिल्लक, खर्च, अखेरची शिल्लक लिहायची, मुलांच्या आधी चव घेऊन चव रजिस्टरवर सही करायची. पोतं उतरवताना वजन केलं नाही आणि ते किलोभर कमी निघालं, तर महिनाअखेरीस वही आणि कोठी जुळत नाही, आणि जाब मुख्याध्यापकाला. दोनशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक म्हणजे त्या दोघांतलाच एक, दोन वर्ग शिकवणारा.

माहिती भरणं हा वेगळाच पसारा. शाळेच्या आणि मुलांच्या माहितीच्या यू-डायस प्लस व सरल या ऑनलाइन प्रणाली, शिक्षकांच्या पगाराची शालार्थ, शिष्यवृत्तीचे अर्ज. जनरल रजिस्टरमधलं (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतलं) नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक पडला तरी आधार वैध ठरत नाही, मग संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना) तो पट धरताना अडचण येते. दुरुस्तीला पालकांना तालुक्याला जावं लागतं, रोज बुडतो, म्हणून ते टाळतात, आणि गुरुजींचे हेलपाटे वाढतात.

पहिली-दुसरीचं मूल्यमापन ७० गुण आकारिक, ३० संकलित. संकलित म्हणजे सत्राअखेरची परीक्षा. आकारिक म्हणजे निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, आणि प्रत्येक मुलाच्या विषयवार वर्णनात्मक नोंदी. कॉपी केलेल्या नोंदी निरुपयोगी, खऱ्या लिहायच्या तर संध्याकाळ जाते. आठवड्याला किमान ४५ तास, तयारीचे तास धरून, असं कायद्याच्या अनुसूचीतच म्हटलंय. तयारी हे काम आहे हे कायद्याला दिसतं, गावाला दिसत नाही याचं वाईट वाटतं.

कामचुकार शिक्षक असतात, हे मी नाकारत नाही. पण ते ओळखायला निकालाचा आकडा अपुरा आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. मासिक बैठकीत विचारा: गेल्या महिन्यात किती दिवस दोन्ही शिक्षक वर्गावर होते? जे नव्हते, ते कुणाच्या लेखी आदेशाने? आदेशाच्या प्रती मागा. मग दहा मुलांना मागच्या इयत्तेच्या पुस्तकातलं एक पान वाचायला लावा आणि ठरावात नोंदवा. तीन महिन्यांनी त्याच मुलांकडून पुन्हा वाचून घ्या. दोघे हजर असूनही मुलं तिथेच असतील, तर गुरुजींना खडसावून विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. दोघे हजरच राहू दिले नसतील, तर तो ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. तुमचं गाव ऊसतोडीचं असेल तर पहिली बैठक दसऱ्याआधी घ्या, आणि ज्या मुलांना टोळीबरोबर जावं लागणार आहे त्यांची शिक्षण हमी पत्रकं (स्थलांतराच्या गावी शाळेत बसता यावं म्हणून मुलाला देतात ते पत्रक) त्याच दिवशी भरून घ्या.