मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जुन्या चित्रांच्या चांगल्या डिजिटल प्रती कुठे मिळतील, आणि त्या लघुप्रबंधात छापता येतील का?

तुमचा विषय चित्रकार म. वि. धुरंधरांची चित्रं आणि जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी केलेल्या अजिंठ्याच्या प्रती असा आहे. गूगलवर एकाच चित्राचे रंग पाच ठिकाणी पाच तऱ्हेचे दिसतात, ही तुमची अडचण खरी आहे. मी इथे मुंबईत अभ्यासकांना संदर्भचित्रं शोधायला मदत करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी अजिंठा, कारण गोंधळ तिथेच जास्त आहे. 1872 ते 1885 या काळात जे. जे.चे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रती कॅनव्हासवर तैलरंगात करत होते. त्या लंडनला गेल्या. 1885च्या आगीत बऱ्याच जळाल्या, उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर शोधता येतात. त्याआधी रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं केलेल्या बहुतेक प्रती 1866 साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ 1896-97चा. त्याची डिजिटल प्रत हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयानं केली आहे.

आता तुम्ही ‘पद्मपाणी’ हे अजिंठ्याचं प्रसिद्ध बोधिसत्त्वाचं चित्र शोधलंत तर समोर काय येतं? लेण्यातल्या भिंतीचा आजचा फोटो, एखादा जुना फोटो, एकोणिसाव्या शतकातली तैलरंगातली प्रत, नाहीतर पुस्तकातलं छापील चित्र. चारही ‘अजिंठा’ याच नावानं फिरत असतात. शिवाय भिंतही तशीच राहिलेली नाही. ग्रिफिथ्सच्या काळात तिच्यावर वार्निश चढलं, ते पुढे पिवळं पडलं, आणि 1920 ते 1922मध्ये निजाम सरकारनं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी तिची डागडुजी केली. म्हणून रंगांवर एक ओळ लिहिण्याआधीसुद्धा हा फोटो कशाचा, कोणी आणि कधी काढलेला, हे ठरवावंच लागतं. तुमच्या विषयात तर प्रत हीच अभ्यासवस्तू आहे, तेव्हा यात सवलत नाही.

त्यासाठी गूगल इमेजेस किंवा पिंटरेस्टवर थांबू नका. तिथे सापडलेलं चित्र गूगल लेन्समध्ये टाका आणि मूळ संग्रहालयाच्या नोंदीपर्यंत पोहोचा. माध्यम, मापं, नोंद क्रमांक हे सगळं तिथेच असतं. चित्र उतरवताना ती नोंदही त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि फाइलच्या नावात नोंद क्रमांक घाला. 2023च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथला डिजिटल संग्रह महिनोन्‌महिने नीट उघडत नव्हता. ज्यांनी नुसत्या लिंका जपल्या होत्या, त्यांची किती पंचाईत झाली असेल!

धुरंधरांसाठी पुस्तकांकडे वळा. एडवर्ड्सचं ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ (1912) आणि रॉथफेल्डचं ‘विमेन ऑफ इंडिया’ (1920) या दोन्हींत त्यांची चित्रं आहेत आणि दोन्ही इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात. पीडीएफ उतरवू नका, त्यात चित्रं दाबलेली असतात. डाउनलोडच्या यादीत जेपी2 (म्हणजे पानांच्या मोठ्या प्रतिमांच्या) फाइलींचा झिप असतो, तो घ्या. फरक डोळ्यांना लगेच दिसतो. शोधताना इंग्रजी स्पेलिंगं वापरा, तीही जुनी, म्हणजे बॉम्बे, पूना, ‘अजंटा’ आणि ‘अजुंटा’ दोन्ही. देवनागरीत शोधून फार थोडं हाती लागतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आपल्याकडचं म्हणाल तर ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’, आयआयटी मुंबईनं तयार केलेलं ‘इंडियन कल्चर’ पोर्टल आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ‘ग्रंथसंजीवनी’ हे डिजिटल ग्रंथालय, ही तिन्ही पाहाच. चित्र लहान मिळालं तरी नोंद उपयोगी पडते. तुलनेसाठी न्यूयॉर्कचं मेट (मेट्रोपॉलिटन म्युझियम) आणि क्लीव्हलँडचं संग्रहालय उत्तम. हक्कमुक्त कलाकृतींचे फोटो त्यांनी कुठल्याही वापरासाठी खुले केले आहेत.

छापण्याबद्दल. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. धुरंधर 1944 साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क 2004 अखेर संपला. पण चित्र हक्कमुक्त असलं तरी संग्रहालयानं दिलेल्या फाइलीच्या अटी वेगळ्या असू शकतात. शिल्पाच्या फोटोवर तर फोटोग्राफरचा स्वतंत्र हक्क असतो. संशोधनासाठी आणि समीक्षेसाठी 1957च्या कायद्यात उचित वापराची मुभा आहे, त्यामुळे विद्यापीठाला सादर करायच्या प्रबंधात सहसा अडत नाही. पुढे पुस्तक काढायचं असेल तर परवानगीचं पत्र आत्ताच पाठवा, उत्तरं सावकाश येतात. आणि आकार तपासा: 15 सेंटिमीटर रुंद चित्र स्वच्छ छापायला साधारण 1800 पिक्सेल रुंदी लागते. स्क्रीनशॉट चालणार नाही.

शेवटी, तुम्ही मुंबईत आहात याचा फायदा घ्या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन बॉम्बे स्कूलच्या, म्हणजे जे. जे.च्या परंपरेतल्या चित्रकारांची मूळ कामं समोर उभं राहून बघा, आणि त्यांतल्या एखाद्याचा डिजिटल फोटो मिळाला तर तो मोबाइलवर उघडून शेजारी धरा. रंगाचा थर आणि कॅनव्हासचा खरा आकार स्क्रीनवर कळत नाही. समोरच एनजीएमए (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय) आहे, पण ते सोमवारी बंद असतं.