पेन्शन विकावी की नाही? नाशिकरोडच्या रेल्वे कर्मचाऱ्यास उत्तर

स. न.

आपले पत्र मिळाले. एकलहऱ्याच्या रेल्वे ट्रॅक्शन कारखान्यात 1989 पासून कारकुनी केलेल्या आणि शेवटची अनेक वर्षे सेटलमेंटच्या टेबलावर इतरांची पेन्शनची कागदपत्रे मार्गी लावलेल्या माणसाला नियम नव्याने सांगण्याची गरज नाही. साठी पूर्ण होताना स्वतःची पेन्शन विकावी का, म्हणजे तिचा काही भाग काही वर्षांसाठी सोडून त्याबदल्यात एकरकमी पैसे घ्यावेत का, आणि अर्जातील त्या रकान्यात 40 टक्के लिहावे की शून्य, एवढाच आपला प्रश्न आहे.

आपले शेवटचे मूळ वेतन 62,200 रुपये, म्हणजे पेन्शन 31,100 रुपये. त्यातील 40 टक्के, म्हणजे 12,440 रुपये विकल्यास त्या रकमेच्या वर्षभराच्या बेरजेला वयानुसार ठरलेल्या 8.194 या गुणकाने गुणून सुमारे 12 लाख 23 हजार रुपये करमुक्त हाती येतील आणि पुढची 15 वर्षे पेन्शनमधून दरमहा ते 12,440 रुपये कापले जातील. ही कपात एकूण 22 लाख 39 हजारांवर जाते. व्याजाच्या हिशेबाने हे साधारण 9 टक्क्यांचे कर्ज झाले. ‘सगळेच विकतात’ म्हणून पैसे घेऊन मुदत ठेवीत टाकायचे, तर तो तोट्याचा व्यवहार आहे.

तरीही आपण पेन्शन विकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याला मधुमेह आहे आणि पत्नीला स्वतःचे उत्पन्न नाही. आपले काही बरेवाईट झाल्यास उरलेली वसुली तिथेच थांबते, तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून एक पैसाही कापला जात नाही, आणि आपल्या हयातीत महागाई सवलत पूर्ण 31,100 रुपयांवरच मिळत राहते. या वयात एवढ्या सवलतीचे कर्ज कोणतीही बँक देणार नाही.

दुसरे कारण फ्लॅटचे आणि क्वार्टरचे आहे. ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि पीएफ मिळून 31 लाख येतील आणि त्यातून जेल रोडचा 34 लाखांचा फ्लॅट घेऊ, असे आपण लिहिता. कमी पडणारे 3 लाख पेन्शन विकूनच उभे राहतील. परंतु क्वार्टर रिकामे केल्याशिवाय ग्रॅच्युइटी सुटत नाही, हे आपण कित्येकांना टेबलापलीकडून समजावले असेल. ग्रॅच्युइटीचे 16 लाख अडकलेले असताना बिल्डरला पैसे कुठून देणार? निवृत्तीनंतर 4 महिने नेहमीच्या भाड्यात राहता येते, पण त्या सवलतीचा मोह सोडून लगेच भाड्याच्या घरात जावे, ग्रॅच्युइटी हाती घ्यावी आणि मगच खरेदीखत करावे. साऱ्या नोकरीचा संसार क्वार्टरमध्ये झालेल्या आपल्या पत्नीला दोनदा सामान हलवणे जड जाईल, याची मला जाणीव आहे. तरी घाईने सौदा करण्यापेक्षा ते बरे.

पेन्शन विकून आलेले पैसे धरल्यास फ्लॅटनंतर सुमारे 9 लाख उरतील. ते मुलाच्या दुकानात घालू नयेत, हे मी आग्रहाने सांगतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्याच्या 8.2 टक्के दराने त्यावर दर तिमाहीला सुमारे 18,450 रुपये मिळतील आणि कपातीची निम्मी झळ भरून निघेल. मुलाला मदत करायचीच असेल, तर ती या व्याजातून करावी. फ्लॅट दोघांच्या नावावर घ्यावा, पेन्शनचे खाते पत्नीसोबत संयुक्त असावे, आणि पेन्शन विक्रीचा अर्ज निवृत्तीच्या कागदपत्रांसोबतच द्यावा, कारण एक वर्ष उलटल्यावर वैद्यकीय तपासणी लागते आणि मधुमेहामुळे तिथे अडचण येऊ शकते.